वजनाच्या आत

मोरखीच्या बालपोषण केंद्रात सकाळची न्याहारी उरकली की आया आपापली लेकरं कडेवर घेऊन ओसरीवर झोळीपाशी जमत. झोळी दिसायला अगदी घरच्यासारखी होती. लाकडी घोडीला टांगलेली, मऊ सुती कापडाची. फरक एवढाच, की तिच्या विणीत केसाहून बारीक असे धातूचे धागे होते, आणि आत घातलेलं लेकरू जरा स्थिरावलं की समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर त्याचं चित्र उमटायचं. नाकडोळ्यांचं नव्हे, आतलं. स्नायू, हृदय, यकृत तांबड्या रंगात, चरबी पिवळी, पाणी निळं. सरकारी भाषेत त्या झोळीचं नाव ‘देहपट’ असं होतं. आया तिला आरसा म्हणत, आणि आपल्या लेकराचं तांबडं कालच्यापेक्षा वाढलं की नाही, हे बघायला एकमेकींना ढकलत पुढे येत.

डॉ. नूतन वळवी हे रोज बघायची, तरी तिला त्याचा कंटाळा येत नसे. ती याच सातपुड्यातली. बालरोगतज्ज्ञ होऊन ती मोरखीला रुजू झाली, तेव्हा केंद्रात फक्त वजनकाटा होता. हाडांचा सापळा होऊन लेकरू यायचं, त्याला शेंगदाणे, दुधाची भुकटी आणि तेलाची गोड पेस्ट चाटवायची, काट्याला टांगायचं, आणि वजन ठरलेल्या आकड्याला टेकलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याला घरी पाठवायचं. त्यात नूतनच्या टाळ्या सगळ्यांत जोरात असत. पण घरी गेलेल्यांपैकी काही लेकरं नंतर साध्या तापानं, एखाद्या जुलाबानं हातची जात. गाल वर आलेली, बरी झालेली लेकरं! का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ‘आईनं हयगय केली असेल,’ असं वरिष्ठ म्हणत. नूतनला ते उत्तर कधीच पटलं नाही. तिनं त्या आया पाहिल्या होत्या.

हा सल तिनं आपल्या वसतिगृहातल्या मैत्रिणीजवळ बोलून दाखवला, आणि त्यातून झोळी जन्माला आली. उर्मिला भदाणे धुळ्याची, विद्युत अभियंता. तिची कल्पना सरळ होती. अंगाला जाणवणारही नाही इतका क्षीण विद्युतप्रवाह शरीरातून सोडायचा. मांस आणि पाणी त्याला वाट देतात, चरबी अडवते. असं शेकडो धाग्यांमधून, सगळ्या बाजूंनी केलं, की आत कुठे काय आहे याचा नकाशा तयार होतो.

पुण्यातल्या बाळसेदार मुलांवर झोळी अचूक ठरली. मोरखीत मात्र ती सपशेल चुकली. नूतननं जड पाण्याची परीक्षा घेऊन ते पकडलं. हे पाणी चवीला आणि गुणाला साध्या पाण्यासारखंच असतं, फक्त त्यातला हायड्रोजन किंचित जड असतो. लेकराला ते थोडं पाजायचं आणि नंतर त्याची लाळ तपासायची. त्या जडपणाची खूण किती पातळ झाली यावरून अंगात एकूण पाणी किती ते कळतं. झोळीचा हिशेब त्याच्याशी जुळेना.

“माझं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे,” उर्मिला डोक्याला हात लावून म्हणाली होती. “मांसात पाण्याचं प्रमाण ठरलेलं असतं, हे मी गृहीत धरलंय. इथल्या लेकरांत ते प्रमाणच मोडलंय. माझी झोळी पाण्याला मांस समजते आहे.”

“पण सूज म्हणजे पेशींच्या बाहेर साचलेलं पाणी,” नूतन म्हणाली. “ते आतल्या पाण्यापासून वेगळं मोजता येणार नाही का?”

उर्मिलानं तिच्याकडे बघितलं, आणि मग हातातला चहा तसाच ठेवून ती कामाला लागली. प्रवाहाची कंपनं मंद ठेवली, तर तो पेशीच्या भिंतीला अडतो आणि बाहेरच्या पाण्यातूनच वाट काढतो. कंपनं जलद केली, तर भिंतीतून आरपार जातो. दोन्ही प्रवाह आळीपाळीनं सोडले की आतलं पाणी वेगळं, बाहेरचं वेगळं. त्यानंतर झोळी आणि जड पाणी यांचं उत्तर प्रत्येक लेकरात जुळू लागलं. सरकारनं झोळीला वर्षभराची चाचणी मंजूर केली.

त्या वर्षाच्या अखेरीला जामनी पावरा आपल्या जुळ्या मुली घेऊन उंबरापाणी पाड्यावरून आली.

मुली दीड वर्षाच्या. राजली आणि सोमली. एकाच पोटच्या, एकाच ताटातल्या, पण कुपोषणानं दोघींना दोन तऱ्हांनी गाठलं होतं. राजली सुकून चिपाड झालेली. सोमलीचे हातपाय आणि तोंड सुजून टम्म. जामनी स्वतः काटक, अबोल. तिनं दोघींना खाटेवर ठेवलं आणि नूतनला पावरी बोलीत एकच विचारलं, “दोघी जगतील?”

“जगतील,” नूतन म्हणाली. डॉक्टरनं असं म्हणू नये, हे तिला माहीत होतं.

काही आठवडे गेले. राजलीनं पेस्ट अशी चाटली, की केंद्रातल्या परिचारिकांची ती लाडकी झाली. गाल भरले, मांड्यांना वळ्या पडल्या, काट्याचा आकडा रोज चढता. शिवाय पोर गुणी. ठेवाल तिथे बसून राहायची, रडणं नाही की हट्ट नाही. सोमलीची मात्र सूज उतरली आणि खालून बारीक काड्यांसारखे हातपाय निघाले. वजन जिथल्या तिथे. चिडचिडी, किरकिरी, अंथरुणावरून खाली उतरायला धडपडायची, खाली ठेवली की रांगत दारापर्यंत जायची.

काट्याच्या हिशेबानं राजली बरी झाली होती आणि सोमलीवरचे उपचार फसले होते.

झोळी नेमकं उलट सांगत होती. सोमलीच्या चित्रात निळं ओसरत होतं आणि त्याच्या जागी तांबडं भरत होतं. म्हणूनच काटा हलत नव्हता. राजलीच्या चित्रात पिवळा रंग पसरला होता, पेशींबाहेर निळ्या रंगाची झाक धरली होती आणि तांबडं आली त्या दिवसापेक्षाही फिकं होतं. हृदयाच्या जागी तर एक पुसट पाकळी तेवढी दिसत होती.

नूतननं तिचं रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आलं: जस्त आणि पोटॅशियम, दोन्ही तळाला गेलेली. जुन्या जुलाबांनी आतड्याचं अस्तर झिजलं होतं. पेस्टमधली ऊर्जा आत शिरत होती, पण जिच्याशिवाय मांस बांधलं जात नाही ती द्रव्यं शिरत नव्हती. विटा नसलेल्या गवंड्यासारखी शरीराची गत झाली होती. मिळेल त्याची ते चरबी करून ठेवत होतं.

योगायोग असा, की त्याच दिवशी डॉ. अत्रावलकर केंद्र बघायला आले. राज्याच्या पोषण समितीचे ते अध्यक्ष, आणि नूतनचे गुरू. वजनावर आधारलेला उपचारक्रम त्यांनीच बसवला होता आणि त्यानं हजारो जीव वाचले होते, हे नूतन कधी विसरली नव्हती. त्यांनी राजलीला उचलून घेतलं, तिच्या गालाला बोट लावलं आणि प्रसन्न हसले.

“ही कधी जाणार घरी?”

“ही नाही सर,” नूतन म्हणाली. “घरी तिची बहीण जाईल. हिला मी ठेवून घेणार आहे.”

त्यांनी आधी राजलीकडे पाहिलं, मग सोमलीच्या काड्यांकडे. त्यांना वाटलं, तिची बोलण्यात चूक झाली. नूतननं त्यांना पडद्यापाशी नेऊन दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी ती बराच वेळ निरखली.

“चित्र सुरेख आहे,” ते सावकाश म्हणाले. “पण नूतन, वजनकाटा खोटं बोलत नाही.”

“खोटं नाही बोलत सर. पण तो सगळं मिळून एकच आकडा सांगतो. त्यात पाणी किती, चरबी किती, हृदय किती, हे तो कसं सांगेल?”

“आणि तू काय करणार आहेस?”

“पेस्ट थांबवणार. पातळ दूध, जस्त, पोटॅशियम. पाणी उतरलं की मग अंडं, घट्ट दूध, आणि दिवसभर जमिनीवर खेळ. सुरुवातीला तिचं वजन घटेल.”

“कुपोषित लेकराचं वजन तू मुद्दाम घटवणार?” आता त्यांच्या आवाजाला धार आली. “एका कापडाच्या भरवशावर? पोरीचं काही बरंवाईट झालं, तर ही चाचणी मला बंद करावी लागेल. तुझ्यावर काय येईल ते वेगळंच.”

“मला ठाऊक आहे,” नूतन म्हणाली.

पण खरी परवानगी त्यांची नव्हती. खाटेच्या कडेला बसून जामनी सगळं ऐकत होती. मराठी तिला पुरतं बोलता येत नसलं तरी कळत होतं. नूतन तिच्याजवळ खाली बसली आणि पावरीत सगळं सांगू लागली. जामनीनं तिला मध्येच थांबवलं.

“माझा पहिला, गुला, तोपण असाच झाला होता,” ती म्हणाली. “दुसरीकडच्या दवाखान्यातून आणला तेव्हा गुबगुबीत. पाडाभर लोक बघायला आले. रडायचा नाही, एका जागी बसायचा. मी म्हटलं, शहाणा झाला. मग पाऊस लागला, त्याला ताप आला, आणि एका दिवसात गेला. लोक म्हणाले, मी नीट सांभाळलं नाही.”

ती उठली आणि पडद्यापाशी गेली. राजलीच्या छातीतल्या त्या पुसट पाकळीवर तिनं बोट ठेवलं.

“त्याचंपण असंच असेल का?”

नूतननं होकारार्थी मान हलवली.

“मग मी नीट सांभाळलं होतं,” जामनी म्हणाली. हे ती कुणालाच उद्देशून बोलली नाही. मग ती वळली. “ठेव हिला. सोमली पण राहील माझ्याजवळ. मी जात नाही.”

डॉ. अत्रावलकरांनी चष्मा काढून पुसला. जाताना एवढंच म्हणाले, “मी पुन्हा येईन.”

पुढचे दिवस नूतननं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पेस्ट थांबली आणि राजलीचं वजन घसरू लागलं. गाल उतरले, मांड्यांच्या वळ्या सैल पडल्या. परिचारिका तोंडावर काही बोलत नसत, पण वाटी भरताना त्यांचे हात रेंगाळत. उंबरापाण्याहून मुलींचा बाप आला. लेक पाहून तो इतका संतापला, की अख्ख्या ओसरीला त्याचा आवाज ऐकू गेला. “भरलेली पोर रिकामी केली तुम्ही!” तो ओरडला. जामनी त्याच्या आणि खाटेच्या मध्ये उभी राहिली. काय बोलली ते नूतनला ऐकू आलं नाही. पण तो बाहेर जाऊन निंबाखाली बसला, आणि संध्याकाळी आत येऊन मुकाट्यानं सोमलीला खांद्यावर घेतलं.

नूतनलाही शंका खाऊ लागली. गणित पुन्हा चुकलं असेल तर? तिनं उर्मिलाला बोलावून घेतलं. “मला धीर देऊ नकोस,” ती म्हणाली, “चूक शोध.” उर्मिलानं झोळीचा धागा न् धागा तपासला. दोघींनी मिळून राजलीला पुन्हा जड पाणी पाजलं आणि लाळेचा नमुना ड्रोननं नाशिकच्या प्रयोगशाळेत धाडला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. उर्मिलानं ते दोनदा वाचलं.

“काय ते सांग ना!” नूतन म्हणाली.

“जे वजन गेलं ते सगळं पाणी होतं. मांसाचा कणसुद्धा गेलेला नाही, नूतन. उलट...” तिनं पडद्यावर सकाळचं चित्र लावलं. छातीतल्या पाकळीची कडा गडद झाली होती. मांडीच्या पिवळ्यात तांबड्याची एक बारीक रेघ उमटली होती. कोवळ्या पानाला शिर फुटावी तशी.

त्यानंतर रेघेचा पट्टा झाला. परिचारिका आता न सांगता अंडी सोलू लागल्या. राजलीला दिवसभर जमिनीवर सोडायचं, पुढ्यात खुळखुळा टाकायचा आणि तो सोमलीनं पळवायचा, असा खेळ सुरू झाला. सुरुवातीला राजली नुसती बघायची. मग हात पुढे करू लागली. मग एकदा पालथी पडून सरकली. काटाही चढायला लागला. पण आता काट्याकडे आधी कुणी बघत नव्हतं.

डॉ. अत्रावलकर पुन्हा आले ते न कळवता, भर दुपारी. ते ओसरीच्या पायरीवर असतानाच आतून एक किंकाळी आली. टिपेची, रागाची, ओसरी दणाणून सोडणारी. ते धावत आत आले. जमिनीच्या मधोमध राजली उभी होती. एका हातानं खाटेचा पाय धरलेला, दुसऱ्या हातानं सोमलीचं झबलं ओढत, आणि गळ्याच्या शिरा ताणून रडत होती. सोमलीनं तिच्या वाटीतलं अंडं पळवलं होतं.

“हिला काय झालं?” डॉक्टरांनी घाबरून विचारलं.

“भांडतेय सर,” नूतन म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग परिचारिका हसल्या, आया हसल्या, आणि जामनी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. गुणी राजली केंद्रात आल्यापासून पहिल्यांदाच रडली होती. रडायला छातीत बळ लागतं. ते तिच्यात आत्ता कुठे आलं होतं.

डॉ. अत्रावलकर उकिडवे बसले. त्यांनी आपल्या पिशवीतून मुठीएवढं सोनोग्राफीचं यंत्र काढलं आणि राजली हातपाय झाडत असतानाच तिच्या छातीला लावलं. हृदयाची भिंत जाड, घट्ट, तालात आकसत होती. ते बघताना त्यांचा चेहरा एखाद्या विद्यार्थ्यासारखा झाला.

“किती लेकरांना आपण टाळ्या वाजवून घरी पाठवलं असेल, नूतन?” त्यांनी हळूच विचारलं. मग उत्तराची वाट न बघता उठले. “मला या मुलीची सगळी चित्रं दे. उद्या समितीपुढे मी स्वतः मांडतो.”

आणि त्यांनी ती मांडली. विरोध झाला, खर्चाच्या शंका निघाल्या, पण ज्यानं काट्याचा नियम बसवला तोच माणूस तो बदलायला उभा ठाकल्यावर फारसं कुणी टिकलं नाही. लेकराला घरी पाठवायचं ते वजन बघून नव्हे, तर स्नायू आणि हृदय बघून, असा नवा नियम झाला. झोळ्या विणायचं काम धुळ्यातल्या मागांवर सुरू झालं. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत केंद्राकेंद्रांत त्या टांगल्या गेल्या. पुढच्या पावसाळ्यात तापाच्या साथी आल्या तशा आल्याच; पण केंद्रातून बरी होऊन गेलेली लेकरं या वेळी त्यातून तगली. ज्या पाड्यांवर दर वर्षी लहान खड्डे खणले जात, तिथे ते खणायची वेळ क्वचितच आली.

हिवाळ्यात मोरखीच्या केंद्रात त्याचा सोहळा झाला. झेंडूच्या माळा, ढोल, पावे, गूळ घातलेला दूधभात. जामनीला मानानं बोलावलं होतं. राजली आणि सोमली पाहुण्यांच्या पायांतून पळत होत्या. त्यांतली पूर्वी गुबगुबीत कोण आणि काटकुळी कोण, हे आता ओळखू येत नव्हतं. डॉ. अत्रावलकरांनी भाषणात दोघींची नावं घेतली तेव्हा टाळ्यांचा पाऊस पडला, आणि नूतननं बाजूला बघितलं तर उर्मिला लहान मुलीसारखी डोळे पुसत होती.

पाहुणे पांगल्यावर उर्मिलानं एक नवी वस्तू उलगडली. शाळेतल्या मुलांसाठी विणलेला मोठा देहपट, सतरंजीसारखा जमिनीवर अंथरायचा. जामनी त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिला चौथा महिना होता.

“यात मोठ्या माणसाचं दिसतं?” तिनं विचारलं.

“बघू या की,” उर्मिला म्हणाली. “झोप.”

जामनी चप्पल काढून त्यावर आडवी झाली. राजली तिच्या पोटावर चढायला धावली. नूतननं तिला हसत उचलून घेतलं. पडद्यावर रंग भरू लागले, आणि नूतनचं हसू ओठांवरच थांबलं. पिवळं जवळपास नव्हतंच. तांबडं दंडांवरून, मांड्यांवरून, पाठीवरून ओरबाडून नेल्यासारखं विरळ. सगळा गडद रंग ओटीपोटात, एका मुठीएवढ्या जागी गोळा झाला होता. स्वतःचं होतं नव्हतं ते जामनीचं शरीर तिकडे पाठवत होतं.

उर्मिलानं नूतनकडे बघितलं.

जामनी कोपरावर उठून पडद्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत तिला ते रंग वाचायला कुणी शिकवायची गरज उरली नव्हती.

“हे माझं?”

“हो,” नूतन म्हणाली.

जामनीनं ओसरीवरून आतल्या खोलीत नजर फिरवली. ओळीनं मांडलेल्या त्या चिमुकल्या खाटा, एकेकीवर टांगलेला खुळखुळा, भिंतीवर काढलेले ससे. मग ती नूतनकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं विचारायचं होतं.

“मग मला कुठे ठेवून घेशील, बाई?”